सिस्टरबाईंची तांबडी

सेवेची सवय जडलेल्या हातांना निवृत्ती ठाऊक नसते. निरोपाचे भाषण होते, फुलांचा गुच्छ मिळतो, कपाटाची किल्ली परत केली जाते. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तेच हात उठून पुन्हा कुणाची तरी नाडी शोधू लागतात. सिस्टरबाईंचे हात त्यातलेच. चौतीस वर्षे त्यांनी इस्पितळात जखमा धुतल्या, जखमा बांधल्या, आणि निवृत्तीनंतर आठ दिवसांच्या आत घरोघरचे सात रुग्ण अंगावर घेतले. कुणाच्या पाठीला अंथरुणाने फोड आलेले, कुणाच्या पायाची जखम वर्षभर भरत नाही. साती जण टेकडीपलीकडच्या वस्तीत राहणारे, जिथे बस जात नाही आणि चालत जायला सिस्टरबाईंचा उजवा गुडघा तयार नाही.

तिथे जात होती ती तांबडी.

तांबडी म्हणजे त्यांची मोटार. सव्वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या पगारातून घेतलेली, लहानशी, चार दारांची. इंजिन असे खणखणीत की मेकॅनिक दरवेळी बॉनेट उघडून म्हणायचा, "सिस्टरबाई, हिचं काळीज माझ्यापेक्षा धड आहे." पण नावाप्रमाणे ती तांबडी मात्र उरली नव्हती. सव्वीस उन्हाळे उघड्यावर काढले होते तिने. ज्या सूर्याने जगाला रंग दिले, त्यानेच हिचा हळूहळू काढून घेतला होता. दारांच्या खालच्या भागात थोडी लाली होती. बॉनेट आणि टप मात्र विटून विटून जुन्या खोडरबरासारखे झाले होते.

एका रविवारी सकाळी वसाहतीचे सेक्रेटरी हातात फळी आणि फळीवर यादी घेऊन दारात उभे राहिले. कचेरीत मुख्य कारकून होते ते. निवृत्त झाल्यावर यादीवाचून त्यांना करमत नसे.

"सिस्टरबाई, राग मानू नका. पण पुढच्या रविवारी अंगणातल्या बेवारस गाड्या उचलायच्या आहेत. तीन आहेत. तिसरी तुमची."

"बेवारस? अहो, तिची मालकीण तुमच्यासमोर उभी आहे! आत्ता तासाभरापूर्वी चालवून आणली मी."

"चालते हो, नाही कोण म्हणतंय? पण नियमात 'बेवारस दिसणारी' असं लिहिलंय. चालण्याबद्दल त्यात काहीच नाही."

"नियम लिहिला कुणी?"

"मीच," सेक्रेटरी म्हणाले, आणि जरा खाकरले. मग अंगणात जाऊन त्यांनी बॉनेटवरून बोट फिरवले आणि बोटाला लागलेली पांढरट भुकटी पुराव्यासारखी वर धरली. "बघा. खडूसारखा रंग सुटतोय. नवीन भाडेकरू फाटकातून आत येतो, आणि पहिलं दर्शन हिचं! मी तरी काय करू?"

घरात सिस्टरबाईंसोबत त्यांच्या थोरल्या नणंदबाई राहत. वय पंचाहत्तर, गुडघे मजबूत आणि जीभ त्याहून मजबूत. सिस्टरबाई अंगणातून वर येताच त्या म्हणाल्या, "त्यांचं काही खोटं नाही हो वहिनी. परवा खालची बाई मला विचारत होती, तुमची गाडी धुवायची राहिलीय की पुरायची?"

"वन्सं, ती गेली तर मी वर टेकडीवर जाऊ कशी? घड्याळजींच्या टाचेला एक दिवसाआड पट्टी लागते."

घड्याळजी म्हणजे टेकडीपलीकडचे घड्याळे दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ, साखरेच्या आजाराने टाच कुरतडलेली. डॉक्टर म्हणाले होते की पट्टी चुकली तर पाय वाचेल की नाही सांगता येत नाही. एका गाडीच्या रंगावर एका माणसाचा पाय टांगला होता.

रंगवून घ्यायला गॅरेजवाल्याने तीन आठवडे मागितले. हाती होते सात दिवस. सोमवारी सिस्टरबाई हार्डवेअरच्या दुकानात गेल्या. दुकानदार भला माणूस. त्याने घासायच्या कंपाउंडचा डबा दिला, तेलकट पॉलिशची बाटली दिली, मेण दिले, कडांना लावायची कागदी पट्टी दिली, आणि सांगितले, "सावलीत करा. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. एका वेळी वीतभरच जागा घ्या, आणि कापड मळलं की बदला."

सिस्टरबाईंना मनातून हसू आले. स्वच्छ हात, थोडी जागा, प्रत्येक वेळी नवा बोळा. याच मंत्रावर तर त्यांचे आयुष्य गेले होते!

त्या दिवशी त्यांनी गाडी वरून खाली अशी धुतली, रुग्णाला आंघोळ घालावी तशी: आधी माथा, मग अंग, शेवटी पाय. मंगळवारी दारांच्या, दिव्यांच्या आणि रबराच्या कडांना कागदी पट्ट्या लावल्या. बुधवारी सकाळी, इमारतीची सावली अंगणात पडली असताना, त्यांनी स्टुलावर पांढरा रुमाल अंथरला आणि त्यावर जुन्या चादरीच्या चौकोनी घड्या ओळीने मांडल्या. सज्जातून वन्सं ओरडल्या, "चिमटा तेवढा विसरलात, वहिनी!"

बॉनेटवर वीतभर जागा घेतली. कापडावर वाटाण्याएवढे कंपाउंड घेतले. हात सरळ रेषेत चालू लागला, पुढे मागे, पुढे मागे, ना घाई ना जोर. मग त्यांनी कापड उलटून पाहिले.

कापड लालभडक झाले होते.

चौतीस वर्षे त्या डोळ्यांना एक शिकवण होती: बोळ्यावर तांबडे दिसले, की हात थांबव. हात थांबला. नुसता थांबला नाही. कुणी न सांगता त्या हाताने नवी घडी उचलली, बॉनेटवर ठेवली आणि तळव्याने घट्ट दाबून धरली. पुरते मिनिटभर सिस्टरबाई तशा वाकून उभ्या होत्या, पत्र्याचा रक्तस्राव थांबण्याची वाट पाहत.

"अहो, टाके घालायला दोरा पाठवू का?" वरून आवाज आला.

तेव्हा कुठे त्या भानावर आल्या. पण हसू आले नाही. उरलासुरला रंग आपणच पुसून काढत आहोत, आणखी चार हात फिरवले की उघडा पत्रा दिसेल, ही भीती मनात बसली. त्यांनी गाडीवर चादर पांघरली. गुरुवारचा अख्खा दिवस ती चादर तशीच राहिली. वन्संनी एकदा विचारले, "झालं का तुमचं ऑपरेशन?" मग सिस्टरबाईंचा चेहरा पाहून चहा पुढे ठेवला.

शुक्रवारी सकाळी घड्याळजींची पाळी होती. सिस्टरबाईंनी चादर काढली, गाडी टेकडीवर नेली. घड्याळजींनी पाय उशीवर ठेवला. सवयीने हात धुतले गेले, सवयीने पट्टी सुटली. टाचेच्या जखमेच्या काठावर मेलेल्या कातडीचा एक पांढरट, कोरडा पापुद्रा धरला होता. खारट पाण्यात भिजवलेल्या बोळ्याने त्यांनी तो हळूहळू सोडवला. पापुद्रा निघाला आणि खाली एक बारीकसा लाल थेंब उमटला.

"सिस्टरबाई, थांबा, थांबा! रक्त आलं!"

"येऊ द्या हो. आलं ते चांगलंच झालं," सिस्टरबाई नेहमीच्या सुरात म्हणाल्या. "मेलेलं होतं ते निघालं. आता जिवंत लागलं."

आणि स्वतःच उच्चारलेले शब्द त्यांच्याच कानावर पडले.

बोळा हातात तसाच राहिला. परमेश्वराची ही रीतच आहे की काय नकळे. ज्ञान तो दूर कुठे ठेवत नाही, आपल्याच ओठांवर ठेवतो आणि आपण ते कधी ऐकतो याची वाट पाहतो. ताजी जखम आणि जुनी जखम यांचे धर्म वेगळे. ताज्या जखमेत तांबडे दिसले की थांबायचे; जुन्या जखमेत तांबडे दिसेपर्यंत थांबायचे नाही! हे त्यांनी शेकडो शिकाऊ परिचारिकांना घोकून घेतले होते. आणि सव्वीस वर्षांच्या जुन्या दुखण्याला त्यांनी ताज्या जखमेचा नियम लावला होता.

"काय झालं हो?" घड्याळजी घाबरले. "पाय जातोय का माझा?"

"पाय नाही जात. माझे दोन दिवस मात्र गेले!" आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या की घड्याळजीही कारण न विचारता हसू लागले.

परतताना त्या दुकानापाशी थांबल्या. "कापडावर गाडीचाच रंग येतो?"

"यायलाच हवा, बाई! या जुन्या रंगावर काचेसारखा वेगळा थर नसतो. वरचा करपलेला पापुद्रा रंगासकट निघतो. खाली रंग आहे म्हणून तर येतोय. फक्त धारांवर आणि कोपऱ्यांवर जोर लावू नका, तिथं तो पातळ असतो."

मग जे सुरू झाले, त्याला काम म्हणणे कमी होईल. शुक्रवारची दुपार ढळली तशी सावली आली, आणि हात चालू लागला. वीत संपली की दुसरी वीत, घडी मळली की दुसरी घडी. चादरीचे चौकोन एकामागून एक लाल होऊन बादलीत पडत होते आणि प्रत्येकाबरोबर सिस्टरबाईंचा चेहरा उजळत होता. पहिली वीत पुसून त्यांनी पाहिले: राख फुंकरल्यावर निखारा दिसावा, तसा तो चौकोन फिकट बॉनेटच्या मधोमध रसरसून उठला होता. तो रंग कुठून आणला नव्हता. कुणी वर चढवला नव्हता. तो तिथेच होता, सव्वीस वर्षे, एवढ्याशा मेलेल्या थराखाली, कुणीतरी येईल म्हणून बसलेला.

"वन्सं! खाली या! आधी खाली या!"

वन्सं आल्या. पाहिले. त्या चौकोनावरून एक बोट हळूच फिरवले. मग पदर खोचून म्हणाल्या, "माझा जुना फ्लॅनेलचा झगा आहे, लोण्यासारखा मऊ झालाय. फाडते. आणि स्टूल धरायला कुणी लागेल ना टपासाठी? का तेही एकट्याच करणार?"

संध्याकाळी तेलकट पॉलिश सगळ्या अंगाला जाडसर लावून सकाळपर्यंत मुरू दिले, भेगाळलेल्या टाचेला मलम लावून ठेवावे तसे. शनिवारी टप झाला, दारे झाली, मागची बाजू झाली. वन्सं स्टूल धरत, कापड देत आणि अखंड बोलत. "तिकडं राहिलं. अहो, त्या आरशाच्या मागं! डोळे आहेत का बटणं?" घाईत एकदा सिस्टरबाईंचा हात बॉनेटच्या धारेवर जरा जोरात पडला, आणि नखाएवढा करडा ठिपका उघडा पडला. वन्सं हळहळल्या.

"असू द्या," सिस्टरबाई म्हणाल्या. "बरी झालेली जखम एवढा वण ठेवतेच."

शेवटी मेणाचा हात. पातळ, अगदी पातळ. ते धुरकटले की पुसायचे. ते काम वन्संनी कुणाला करू दिले नाही.

रविवारी सकाळी गाड्या उचलणारा आपला आकड्याचा ट्रक घेऊन आला. सेक्रेटरी फाटकाशी फळी घेऊन उभे होते. पहिल्या दोन गाड्या ट्रकमागे लागल्या. मग तो माणूस अंगणाला दोन फेऱ्या मारून परत आला.

"साहेब, तिसरी सापडत नाही."

"सापडत नाही म्हणजे? कोपऱ्यात, पांढऱ्या भिंतीला लागून!"

"तिथं एक चांगली लाल गाडी उभी आहे."

"चांगली? माझ्या परवानगीशिवाय तिथं चांगली गाडी लावली कुणी?" सेक्रेटरी तरातरा निघाले, कोपऱ्यावर वळले आणि जागच्या जागी थबकले.

सकाळचे ऊन नेमके भिंतीवरून उतरून तांबडीवर आले होते. टप लाल, बॉनेट लाल, दारे लाल. आणि तो लाल असा की शेजारची पांढरी भिंतसुद्धा हातभर उंचीपर्यंत गुलाबी दिसत होती. सेक्रेटरींनी नंबर वाचला. यादी वाचली. पुन्हा नंबर वाचला.

"नंबर तर तोच आहे..."

"नंबर आम्ही घासला नाही," वन्सं सज्जातून म्हणाल्या.

"सिस्टरबाई, ही... रंगवून आणलीत?"

"नाही हो. हिचा होता तोच रंग आहे."

तीन मजल्यांच्या सज्जांत माणसे गोळा झाली होती. ट्रकवाला आकडा खांद्यावर टाकून हसत उभा होता. "साहेब, ही मी उचलून नेली तर रस्त्यात पोलीस मलाच धरतील. चोर दिसेन मी चोर!"

वसाहत हसली. सेक्रेटरी यादीचे गुलाम असले तरी खोटे नव्हते. त्यांनी खिशातून पेन काढले, सगळ्यांदेखत तिसऱ्या ओळीवर आडवी रेघ मारली, रेघेखाली सही केली, तारीखही घातली. मग जवळ येऊन, आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्याही गाडीचा टप जरा... म्हणजे फार नाही... पण काय लावलंत तुम्ही?"

"लावायचं नंतर. आधी मेलेलं काढावं लागतं," सिस्टरबाई म्हणाल्या. "मंगळवारी सकाळी सावलीत आणा. जुनी चादर घेऊन या. आणि कापडावर तांबडं दिसलं तर घाबरून थांबू नका."

"आमची निळी आहे."

"मग निळं दिसलं तर."

त्यांनी पट्ट्यांची पिशवी मागच्या आसनावर ठेवली, हात पुसले, किल्ली फिरवली. तांबडीचे काळीज पहिल्याच झटक्याला बोलले. इतक्यात पलीकडचे दार उघडले आणि वन्सं केसांवरून फणी फिरवून, इस्त्रीचे कपडे घालून पुढच्या आसनावर येऊन बसल्या.

"तुम्ही कुठं निघालात?"

"घड्याळजींना भेटायला. माझ्या काही ओळखीचे नाहीत ते, पण ओळख करून घेईन." वन्संनी काच खाली केली आणि कोपर ऐटीत बाहेर टेकवला. "चला. आणि वहिनी, गाडी हळू चालवा. बाजारातून घ्या. लोकांना जरा नीट बघू द्या!"