वहिनीसमोर मी वाचलेला कागद

वहिनीवर मी लिहावं हा आगाऊपणाच आहे, म्हणून आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि माझ्या शिक्षणाचा सगळ्यात जास्त त्रास तिलाच झाला.

वहिनी आमच्या ठाण्याच्या चाळीतली शेजारीण. ती आधी हसायची, मग बोलायची. मला नावाने हाक कधीच नाही. "ए कॉलेज, नोटीस वाच. पाणी उद्या जाणार की नुसतं घाबरवतायत?"

ती वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगला जायची. सुपरवायझर होईपर्यंत मूल नको, असं नवराबायकोने ठरवलेलं. "देवापुढे दिवा लावला की लगेच गोळी. दोन्हींतलं एकही विसरत नाही," म्हणायची. सुपरवायझर झाल्यावर तिने गोळ्या थांबवल्या आणि चार महिन्यांनी दिवस गेले.

मुलगी झाली ती ओठ आणि टाळू दुभंगलेली. ऑपरेशनने नीट होईल, असं डॉक्टर म्हणाले. अंगावर पिता येईना, म्हणून वहिनी तिला उभी धरून वाटी-चमच्याने थेंब थेंब दूध पाजायची. "घाई केली की ठसका लागतो. महाराणी आहे आमची."

एक दिवस तिच्या नणंदेने कपाटातून गोळ्यांचं जुनं पाकीट काढलं. सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, आतला कागद माझ्या हातात दिला. "वाच रे, तू शिकलेला." बारीक इंग्रजी अक्षरं. मला एवढाच अर्थ लागला आणि तेवढाच मी मोठ्याने सांगितला, की गरोदरपणात या गोळ्या घेऊ नयेत.

"अरे, पण मी आधीच बंद केलेल्या ना? त्याचं काय लिहिलंय?" वहिनीने मला विचारलं.

मला माहीत नव्हतं. तेवढं म्हणायचीही लाज वाटली. मी कागदाची घडी घालून माईंना परत दिला.

"झालं! कागदावरच आहे," माई म्हणाल्या.

महिन्याभरात तिला मुलीसकट माहेरी, खडवलीला धाडलं. नवरा बॅग घेऊन स्टेशनपर्यंत गेला, पुढे नाही. जाताना ती म्हणाली, "ए कॉलेज, नीट शिक हां." हसली नाही.

पुढे कल्याणला कॉलेजात एक डॉक्टरमॅडम बोलायला आल्या, तेव्हा मी धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, "दिवस जाण्याआधी घेतलेल्या गोळ्यांनी बाळात व्यंग येतं, असं दिसलेलं नाही." मी घरी येऊन माईंना सांगितलं. "असेल," म्हणाल्या आणि डाळ निवडत राहिल्या.

गेल्या आठवड्यात आईकडून कळलं, नणंदेला मुलगा झालाय. तसाच ओठ, तशीच टाळू. तिने गोळी कधी घेतलीच नव्हती. माई सगळ्यांना सांगतायत, "देवाची मर्जी." बाळ दूध घेईना, तेव्हा त्यांनी आपल्या मुलाला, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याला, तिला आणायला खडवलीला पिटाळलं. वहिनी आली. दुपारभर नणंदेजवळ बसून तिला वाटी-चमचा धरायला शिकवला, आणि दिवेलागणीच्या आत निघून गेली.