मागचा स्पीकर

उस्मानपुऱ्यातला तो गाडीत टेप बसवणारा माणूस बोलताना कधी कुणाकडं बघायचा नाय. डोळे मिटून, स्पीकरच्या जाळीवर पंजा ठेवून बोलायचा. काही विचारलं की, "टेन्शन नाय घ्यायचं, मावशी."

नवरा गेल्यावर मी कानातलं मोडून लेकाला भाड्यानं चालवायला गाडी घेऊन दिली. तिच्यावरच चूल पेटते. मागचा स्पीकर घडीघडी बंद पडायचा, मागं बसलेली गिऱ्हाइकं कुरकुरायची. मग ह्याच्याकडं यायचं, अन् त्या दिवसाचं भाडं बुडायचं. मला वहीम आला. ह्या खेपेला मी लेकासंग आले अन् मागच्या सीटवरून उतरलेच नाय.

"सावलीत बसा की, मावशी."

"हितंच बरं हाय."

त्यानं स्पीकरच्या वायरींना घड्याळाचा सेल टेकवला. खर्रकन आवाज आला. "स्पीकर चांगला हाय. वायरीतच घोळ हाय," म्हणला. मग दाराखालचं मॅट उचकटलं. तिथं तुटक्या वायरीला नुसता पीळ देऊन वरून पट्टी गुंडाळलेली.

"कुण्या अनाड्याचं काम हाय हे?" तो हसला.

"तुझ्याबिगर ह्या गाडीला कुणाचा हात लागला नाय, बाबा."

तवा त्यानं माझ्याकडं बघितलं. हसू गेलं. जुनी वायर ओढून काढली, टेपपासून मागपर्यंत अखंड नवी टाकली. मागून गाणं वाजाया लागलं.

"झालं. उतरा आता."

"मॅट बसव आधी," मी म्हणलं. "बसवताना बघते."