यादीत नसलेला खलबत्ता

परदेशात फिरायला निघालं की आमच्याकडे कपड्यांच्या आधी यादी तयार होते. नवऱ्याच्या वॉर्डातल्या नर्सेस, त्याच्याबरोबरचे डॉक्टर, शेजारच्या आजी, पुण्यातल्या तिघी नणंदा, इथली, आयर्लंडमधल्या नावन गावातली मराठी मंडळी. कुणाला काही नाही आणलं तर वाईट दिसतं म्हणे. कुणाला दिसतं ते मला सहा वर्षांत कळलेलं नाही. खरेदी मात्र मीच करायची.

तेव्हा थायलंडला गेलो तरी चिआंग माईच्या बाजारात मी दोन दिवस हत्तींच्या कीचेन, साबणाची फुलं आणि भरतकामाचे बटवे गोळा करत हिंडले. यादी संपत आली आणि एका बाईच्या दुकानात खलबत्ता दिसला. करड्या दगडाचा, आतून टाकीचे घाव दिसणारा. बाईने त्यात लसूण आणि चार मिरच्या टाकल्या आणि बत्ता माझ्या हातात दिला. मी कुटलं. खल जागचा हलला नाही. मला तो हवाच होता. नावनच्या भाड्याच्या घरात चमच्यापासून गादीपर्यंत सगळं घरमालकाचं. राहायला गेलो तेव्हा त्याच्या एजंटने सगळ्या सामानाची चार पानी यादी करून नवऱ्याची सही घेतली होती.

“हा कुणासाठी?” नवऱ्याने विचारलं.

“माझ्यासाठी.”

“अगं, आठ किलोचा दगड आहे. घरी मिक्सर आहे ना.”

“तोही घरमालकाचा आहे.”

खल मोठ्या बॅगेत गेला. बत्ता ओढणीत गुंडाळून मी हातातल्या बॅगेत हत्तींशेजारी ठेवला, आणि बँकॉकच्या विमानतळावर तपासणीत तो नेमका पकडला गेला. तिथल्या बाईने तो हातात तोलून पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. हा डोक्यात घातला तर माणूस उठणार नाही, हे मलाही मान्य होतं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

“सोडून दे ना,” नवरा म्हणाला. “तिकडे दुसरा घेऊ. चालतं गं, इट्स ग्रँड.”

माझं डोकं फिरलं. सोडून दे, तिकडे दुसरं घेऊ, हे मी पुण्यातली नोकरी सोडताना ऐकलं होतं. घर आवरताना, माझी पुस्तकं वाटून टाकताना ऐकलं होतं. त्यातलं काहीही तिकडे दुसरं मिळालेलं नव्हतं. मी बॅग उघडली, सगळे हत्ती, साबण, बटवे पिशवीत भरून त्याच्या हातात दिले आणि बत्ता एकटाच बॅगेत ठेवून उलट्या पावली चेक-इन काउंटर गाठलं. तिथल्या मुलीने बॅगेत काय आहे विचारलं. मी सांगितलं. तिने टॅग लावला.

डब्लिनपर्यंत हत्ती त्याच्या मांडीवर होते. सामानाच्या पट्ट्यावर खल आधी आला, बत्ता सगळ्यात शेवटी.

गेल्या महिन्यात एजंट घर आणि सामान तपासायला येणार होता. “तो यायच्या आधी हा खल प्रेसमध्ये ठेव गं,” नवरा म्हणाला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि सहा वर्षांत तोही म्हणायला लागलाय. “उगाच ओट्याला चरे पडले म्हणेल.”

मी खल हलवला नाही. एजंट आला तेव्हा लसणीची चटणी कुटत होते. त्याने किटली, टोस्टर, चार खुर्च्या अशा खुणा करत करत कागदावरून बोट खाली आणलं आणि खलाकडे पाहून थांबला.

“हे आमच्या यादीत दिसत नाही.”

“नसणारच. तो माझा आहे. तसं लिहा.”

त्याने शेवटच्या कोऱ्या ओळीत लिहिलं आणि सहीसाठी नवऱ्याला शोधत इकडेतिकडे पाहिलं. नवरा ड्युटीवर होता. मी हात पुढे केला, पेन घेतलं आणि लसणीच्या बोटांनीच सही केली.