मूर्तिजापूरला थांबलेला धावपटू

काही माणसे अंतर जिंकण्यासाठीच जन्माला येतात. गेल्या महिन्यात अमरावतीला तुळशीराम बेलसरेची शोकसभा झाली, तीत हे वाक्य अध्यक्षांनी म्हटले, नंतरच्या वक्त्याने म्हटले, आणि आभार मानणाऱ्या गृहस्थांनी वेळ थोडा उरल्यामुळे फक्त तेवढेच म्हटले. वाक्य चांगले आहे. माझी अडचण एवढीच, की तुळशीराम शेंदूरजनाघाटला एका माळ्याच्या घरी, संत्र्याची कलमे बांधण्यासाठी जन्माला आला होता, आणि ज्या एका अंतरामुळे त्याचे नाव झाले ते त्याने जिंकले नाही. अमरावतीहून अकोल्याला धावत जायला तो निघाला आणि मूर्तिजापूरला खाली बसला. शोकसभेत मूर्तिजापूरचा उल्लेख कोणी केला नाही. पुष्कळ मोठ्या माणसांच्या शोकसभांत असे एखादे मूर्तिजापूर वगळलेले असते, त्यामुळे मला त्याचे विशेष वाटले नाही.

बातमी मला वरूडच्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरने दिली. मी शाळेत निघालो होतो, पाऊस भुरभुरत होता. त्याने मोटार बाजूला घेतली आणि मान बाहेर काढून म्हणाला, "मास्तर, शेंदूरजन्याचे तुळशीरामजी वारले. मुदतीचा ताप होता." एवढे सांगून तो गेला, कारण मोटारीत माणसे होती. मी शाळेत जाऊन इतिहासाचा तास घेतला. कोणत्या लढाईबद्दल बोललो ते आठवत नाही... मुलांनीही तक्रार केली नाही. धावून धावून त्याचे काळीज मोठे झाले होते आणि त्यानेच तो गेला, असे नंतर मला शहरातल्या बऱ्याच जणांनी समजावून सांगितले. त्यांपैकी एकालाही मी कधी भराभर चालतानादेखील पाहिलेले नाही. तुळशीराम तापाने गेला, जसे त्या पावसाळ्यात त्या भागातले आणखी पुष्कळ जण गेले.

आमची ओळख झाली ती माझ्या पोटाच्या तक्रारीमुळे. डॉक्टरांनी मला रोज सकाळी बडनेऱ्याच्या रस्त्याने फिरायला सांगितले होते. त्या रस्त्याला लागून आमच्या शहरातल्या एका रावबहादुरांची बाग होती, आणि त्या बागेत संत्र्याच्या झाडांची निगा राखायला म्हणून तुळशीरामला शेंदूरजन्याहून आणले होते. तिशीच्या आतला, काळा, लांब पायांचा माणूस. धोतराचा काचा मारून तो उजाडता उजाडता रस्त्याने धावत जाई आणि मी परत फिरायच्या आत बडनेऱ्याला शिवून येई. पहिले काही दिवस तो नुसता बघून हसे. मग एकदा माझ्याजवळ येऊन त्याने पाय हळू केले आणि विचारले, "मास्तर, तुमी चालून राहिले का उभे हाये?"

मी म्हणालो, "मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालतो. तू कोणाच्या सांगण्यावरून धावतोस?"

"कोणाच्याच नाई जी. सकाळी मन होते."

धावण्याविषयी त्याचे तत्त्वज्ञान ते एवढेच. त्यानंतर या विषयावर मी इंग्रजीतली दोन जाड पुस्तके वाचली, पण त्यांत याहून जास्त काही सापडले नाही. आम्ही रोज भेटू लागलो. तो पुढे जाऊन परत येई, माझ्याबरोबर चार पावले चाले, संत्र्याच्या कलमांबद्दल, सासुरवाडीबद्दल, बागेतल्या विहिरीच्या पाण्याबद्दल बोले आणि पुन्हा सुटे. त्याच्या धावण्याला आवाज नव्हता. मागून येताना कळत नसे, आणि शेजारून गेला की अंगाला वारा लागे.

हे असेच चालले असते, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण एका सकाळी रावबहादूर स्वतः बागेत लवकर आले आणि त्यांनी आपला माळी धावताना पाहिला. रावबहादुरांना एखादी चांगली गोष्ट दिसली की तिची समिती करायची सवय होती. या समितीला अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार होते. तुळशीराम सभासद नव्हता. अमरावतीहून अकोल्याला एका दिवसात धावत जाऊन वऱ्हाडी शरीराची ताकद सरकारला दाखवून द्यायची, असा ठराव झाला. अकोल्याला कमान उभारायची, बँड लावायचा आणि कमिशनरसाहेबांच्या हस्ते हार घालायचा. साहेबांनी तारीख दिली. मग धावणाऱ्याला बोलावून ती सांगण्यात आली.

तयारीसाठी एक उस्ताद नेमले. उस्ताद प्रेमळ होते आणि कुस्तीतले त्यांना खरोखर कळत असे. त्यांनी तुळशीरामला सकाळ-संध्याकाळ पळवले, दुपारी बैठका काढायला लावल्या, दूध, तूप आणि बदाम सुरू केले. माळी म्हणून त्याचे काम अर्धे केले, त्याचे त्याला फार वाईट वाटले. पहिल्या महिन्यात तो पूर्वीपेक्षा लांब जाऊ लागला. दुसऱ्या महिन्यात मला तो रस्त्याच्या पुलावर बसलेला दिसू लागला.

"पाय दुखतात का?" मी विचारले.

"पाय नाई दुखत. पाय म्हणाल तिकडे जातेत." त्याने एक खडा उचलून पुलाखाली टाकला. "मनच होत नाई, मास्तर. सकाळी डोळा उघडला का पहिले हेच येते, का आज पुन्हा धावा लागते. पहिले असं नव्हतं ना जी..."

उस्तादांना त्याने हे सांगितले तेव्हा त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाले, "दिल लगता नहीं? तो बदाम बढ़ाओ." बदाम वाढले. तो पुलावर आणखी लवकर बसू लागला.

त्या पुलावरच त्याने मला ताणाची गोष्ट सांगितली. संत्र्याच्या बागा असलेल्या आमच्या वाचकांना ती ठाऊक आहे, इतरांसाठी थोडक्यात सांगतो. झाडाला बहार आणायचा असला की त्याचे पाणी काही आठवडे साफ तोडतात. पाने मलूल होतात, पिवळी पडतात, गळतात. झाड मेल्यासारखे दिसते. मग मुळांशी खत घालून, आधी थोडे आणि मग भरपूर पाणी देतात, की झाड फुलांनी भरून जाते. "नवा माणूस असला का भेते," तुळशीराम म्हणाला. "झाड सुकून राह्यलं म्हणते अन् मधातच पाणी सोडते. मंग नुसता पालाच फुटते, फूल नाई येत. मायं तसंच झालं. मले पाणीच पाणी देऊन राहिले हे लोकं. महिनाभर धावणं तोडलं ना, तर बहार येईन. मले मालूम हाये."

मला ते पटले. मी त्याला रावबहादुरांकडे घेऊन गेलो. रावबहादूर झोपाळ्यावर बसले होते. त्यांची स्वतःची बाग होती, ताण म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे, ते हसले नाहीत.

"तुळशीराम, तू म्हणतो ते खरं हाये," ते म्हणाले. "पण झाडाले तारीख नसते. आपल्याले साहेबाची तारीख भेटली हाये."

"मंग पुढची तारीख घ्या ना जी."

"साहेबाले काय सांगू? माणसाचं मन होत नाई म्हणून?"

तुळशीरामला त्यात न सांगण्यासारखे काही दिसले नाही. तो उभा राहिला, मग नमस्कार करून बाहेर आला. बाहेर मला म्हणाला, "चांगला माणूस हाये. पण त्याच्याच्यानं नाई होत."

ठरलेल्या दिवशी, थंडीत, अंबागेटाजवळून तो निघाला. नारळ फुटले, बँड वाजला, दोन भाषणे झाली. भाषणे संपेपर्यंत तो अंगावर घोंगडी घेऊन बसून होता. रावबहादुरांच्या मोटारीत मागे, पेढ्यांच्या टोपल्यांशेजारी, मला जागा मिळाली. बडनेऱ्यापर्यंत लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना होते. बडनेऱ्याला उस्तादांनी लिंबाचे पाणी पुढे केले. तुळशीरामने ते तोंडात घेतले, खळखळवले आणि टाकून दिले. लोकांना ती पद्धत फार आवडली. पुढच्या गावातही त्याने तेच केले. तिथून पुढे रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी, मध्येच एखादा बाभळीचा झाडोरा. तो चांगला धावत होता, निदान आम्हाला मोटारीतून तसे वाटत होते. मूर्तिजापूर दिसायला लागल्यावर तो थोडा डावीकडे झुकला, मग आणखी झुकला, आणि गावात शिरल्यावर पहिल्या कडुलिंबाखाली अगदी सावकाश, जेवायला बसावे तसा मांडी घालून बसला. पुन्हा उठला नाही.

रावबहादुरांपुढे अकोल्याचा प्रश्न होता. कमान उभी होती, साहेब यायचे होते. ते मोटार घेऊन पुढे गेले. मी आणि उस्ताद तुळशीरामजवळ थांबलो. अकोल्याचे मला नंतर कळले. हार तयार होते आणि फुले कोमेजतात, म्हणून रावबहादुरांनीच ते घालून घेतले. साहेबांनी त्यांच्याशी हात मिळवताना एकदा त्यांच्या पोटाकडे पाहिले आणि अंतराबद्दल काही विचारले नाही.

कडुलिंबाखाली तुळशीराम एका बाईच्या घागरीतले पाणी पीत होता. प्यायचा, थांबायचा, पुन्हा प्यायचा. बऱ्याच वेळाने म्हणाला, "पाणी तोडलं होतं, मास्तर. पाच-सहा दिवस झाले. सकाळी एक घोट, सांजी एक घोट."

उस्तादांनी कपाळाला हात लावला. "क्यों, बेटा?"

"धावणं त बंद करू देल्लं नाई. मंग जे तोडता आलं ते तोडलं."

झाडाला ताण देताना त्याला कोणी अकोल्याला पळवीत नाही, हे माझ्या ओठांवर आले होते. पण तो पाणी पीत होता. शहरातल्या कोणाही माणसाने ही चूक केली नसती. ती करायला माणूस बागेत वाढलेला असावा लागतो. मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "पण मूर्तिजापूरच्या अलीकडं एक घडी मन झालं होतं बरं. खरंच झालं होतं. वाटलं, आला... मंग डोळ्यापुढं अंधारी आली." ते सांगताना त्याचा चेहरा मी पाहिला. हरलेल्या माणसाचा तो नव्हता. गर्दीत ओळखीचा माणूस दिसून नाहीसा झाला की आपण मान उंच करून बघत राहतो, तसा तो बघत होता.

समिती विसर्जित करावी लागली नाही. तिची पुढची सभा भरली नाही, इतकेच. तुळशीराम त्या उन्हाळ्यात बाग सोडून शेंदूरजन्याला परत गेला. मी दर वर्षी संत्र्यांच्या दिवसांत एक चक्कर मारीत असे. त्याची वाफ्यातली कलमे पाहायची, त्याच्या बायकोच्या, गंगावहिनींच्या, हातची भाकरी खायची आणि संध्याकाळच्या मोटारीने परतायचे. दर वेळी मी विचारी, "धावतोस की नाही?" आणि दर वेळी तो म्हणे, "नाई जी. अजून मन नाई झालं." सुरुवातीला हे तो सहज सांगे, पाऊस अजून आला नाही असे सांगावे तसे. पुढे पुढे तो सांगताना हातातल्या कलमाकडे बघू लागला. एका वर्षी त्याने आपण होऊन विषय काढला.

"ताण लय लांबला, मास्तर. झाडाचं कसं असते, ताण जास्त झाला का फांद्या वाळतेत. मंग किती पाणी द्या, काई होत नाई."

"मग आता देऊन बघ पाणी. धावून बघ थोडं."

"मनाबिगर? ते त मूर्तिजापूरपर्यंत पाह्यलं ना जी."

त्यानंतर मी विचारणे सोडले आणि त्याने सांगणे सोडले. युरोपात लढाई सुरू झाली, पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी कमी झाल्या, माझे जाणेही कमी झाले. ज्या माणसाला फक्त मन होते म्हणून धावायचे होते, त्याचे मन आपण सगळ्यांनी मिळून बदाम घालून मारले, असे मी धरून चाललो होतो. शोकसभेत मी गप्प बसलो त्याचे कारणही तेच. अंतर जिंकण्याबद्दल तिथे पुष्कळ बोलणारे होते. जे मन गेले होते, त्याचे नाव घ्यायला तिथे सोय नव्हती.

पंधरा दिवसांपूर्वी मी शेंदूरजन्याला जाऊन आलो. गंगावहिनी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी मला बसायला घोंगडी टाकली. मग मी म्हणालो, की त्याचे धावणे सुटले याची मला फार रुखरुख वाटते. त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिले.

"सुटलं कुठं, भाऊजी? वर्स होत आलं, रोज सकाळी धावे."

"धावत होता?"

"वानरं येतेत ना बागेत, डोंगरातून. त्यायले हाकलाले जाये. पहिले बांधापर्यंत जाये. मंग नाल्यापर्यंत. मंग डोंगराच्या पायथ्यालोक." त्यांनी हाताने डोंगराकडे दाखवले. "वानरं त केव्हाचेच झाडावर जाऊन बसत. हे आपले पुढंच. ऊन चढल्यावर येत. मी म्हणो, काहून एवढं धावता, वानरं गेले ना. त म्हणे, 'मन होते.'"

मी त्यांना विचारले, त्याने हे मला का कळवले नाही. "तुमी इचारलंच नाई म्हणे," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मी उठून बागेच्या कडेला गेलो. सकाळची वेळ होती, झाडांवर हिरवी फळे धरली होती. वानरांची टोळी बांधापलीकडच्या झाडावर बसली होती, अगदी निवांत. त्यांना हाकलायला घरच्यांनी आता एक कुत्रा ठेवला आहे. तो बांधापर्यंत जातो आणि परत येतो.