शेवंताबाईंचं वाण

शेवंताबाईंची खिडकी मी कधी उघडी पाहिली नाही. नागपुरात आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांच्या नवऱ्याची, पुंडलिकरावांची मुरमुऱ्यांची भट्टी होती. घराची नि भट्टीची भिंत एकच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन तिथे आले, तर पहिल्याच सकाळी बाई दारात हजर. "आज टायर जाळून राहिले वं. वाळवण आत घे!" स्वतःच्याच धंद्याविरुद्ध अशी दवंडी पिटणारी मालकीण जगात दुसरी नसेल.

जुने टायर स्वस्त पडायचे आणि धुराडं होतं बुटकं, त्यामुळे धूर सरळ आमच्या घरांत. बाई बोलता बोलता खोकायच्या. पदराने तोंड पुसून म्हणायच्या, "माहेर हाय सावनेरले, पण तिथं कोणाच्या उरावर बसू?" नवऱ्याशी रोज भांडण. त्याचं उत्तर ठरलेलं. "गल्लीतली एक तरी बाई बोलाले आली का? येऊ दे, धुराडं उंच करतो." पण मालकाच्या तोंडावर बोलायची टाप कोणाची! आम्ही सगळ्या शहाण्या, घरात नाकाला पदर लावून बसणाऱ्या.

मग बाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीला वाण म्हणून पांढरा रुमाल दिला. "खिडकीले बांधा. रथसप्तमीले घेऊन या. मालकाले दाखवाचा हाय."

रथसप्तमीला गेलो. पुंडलिकराव ओसरीवर होते. एकेकीने रुमाल काढला. सगळे पांढरेशुभ्र! सवाष्णीच्या घरी वाण मळकं कसं न्यायचं, म्हणून प्रत्येक घरी ते धुतलं गेलं होतं. माझ्या सासूबाईंनी तर नीळही घातली होती.

"कुठं हाय धूर?" पुंडलिकराव हसले.

बाई मटकन खाली बसल्या. "काहून धुतले वं? मी तुमच्या घरचा धूर मागतला होता."

पुढच्या संक्रांतीला त्या अंथरुणाला खिळलेल्या. हळदीकुंकू झालंच नाही. रथसप्तमीला आम्ही न बोलावता गेलो आणि वर्षभर खिडकीला बांधलेले तेच रुमाल, काळे, चिकट, पुंडलिकरावांसमोर ठेवले. ते एकेक उलटून पाहू लागले. आतून बाईंचा आवाज आला, "नुसते पाहून काय राहिले? वास घ्या."

उन्हाळ्यात धुराडं उंच झालं. तोवर शेवंताबाई गेल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. नव्या धुराड्यातून धूर वर जाताना दिसला, तशी मी त्यांच्या खोलीत गेले आणि खिडकी ढकलली. काजळीने ती चौकटीला चिकटून बसली होती. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी उघडली नाही.