हात दिसले पाहिजेत

माझ्या दादाला ऐकू येत नाही, बोलताही येत नाही, पण गप्प बसलेलं मी त्याला कधी पाहिलेलं नाही. फोटोंना फ्रेम करून देण्याचं त्याचं दुकान आहे आणि दुकानामागच्या खोलीत तो राहतो. तोंडात खिळे धरून तो दोन्ही हातांनी गिऱ्हाइकाशी भांडतो, आणि बहुतेक वेळा जिंकतो. लहानपणापासून बाहेरच्या जगात त्याचं तोंड म्हणजे मी, त्याची धाकटी बहीण. माझ्याबद्दल त्याची तक्रार एकच. "तू माझं बोलणं सांगत नाहीस, सुधारतेस."

त्याच्या मुलीला, आमच्या भिंगरीला, ऐकू येतं; पण तोंडाने बोलायच्या आधी ती हातांनी बोलली. नोकरीसाठी ती दुसऱ्या शहरात गेली तेव्हापासून बापलेकीच्या गप्पा टॅबलेटवर, रोज संध्याकाळी, ती कामावरून सुटली की. वहिनी गेल्यावर दादाचा अख्खा दिवस त्या वेळेकडे डोळे लावून असतो.

गेल्या आठवड्यात भिंगरीने विचारलं, "बाबा, कंपनी मला परदेशात पाठवतेय, काही वर्षांसाठी. जाऊ का?" दादाने उत्तराला हात उचलले आणि इंटरनेट गेलं. दुसऱ्या संध्याकाळीही तेच, नंतरही तेच. बाबा मुद्दाम फोन बंद करतात, अशी तिने समजूत करून घेतली. दादाने मेसेजवर 'जा' असं लिहून पाठवलं, तर तिचं उत्तर आलं, "इतकं तुटक? रागावलात ना? तोंड दाखवून सांगा." मग तिचा मला फोन. "आत्या, आज मला कंपनीला कळवायचंय. बाबांच्या मनात नसेल तर मी नाही म्हणते."

"मी सांगते तिला," मी दादाला म्हटलं.

"तू सांगितलंस तर ती तुझं ऐकेल. तिला माझं ऐकायचंय."

"मग माझ्या मोबाइलवरून बोल. इथे व्हिडिओपुरती रेंज नाही, बाहेर रस्त्यावर जाऊ."

"घरातलं बोलणं रस्त्यावर? ज्यांना कळत नाही तेच जास्त टक लावून बघतात."

मी कपाळावर हात मारला आणि इंटरनेट कंपनीच्या तक्रार विभागाला पुन्हा फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे त्यांच्याशीच बोलावं लागेल." मी म्हटलं, त्यांना ऐकू येत नाही. "हरकत नाही मॅडम, मी मोठ्याने बोलते." माझा पारा असा चढला की फोन दादाच्या कानाला लावावा आणि तिला दिवसभर ओरडू द्यावं असं वाटलं. शेवटी तिने माणूस पाठवायचं कबूल केलं.

दुपार कलताना इंटरनेटवाला आला. याआधीही तो दुपारीच येऊन गेला होता. तेव्हा मोडेमवरचे सगळे दिवे हिरवेगार होते, आणि आजही होते. त्याने राउटर बंद-चालू केला, इंटरनेट आणणाऱ्या फोनच्या लाइनचं टोक कापून नवं बसवलं, आणि आमच्यासमोर स्टूल ओढून बसला.

"ताई, काल नेमकं काय झालं?"

"काय होणार? बोलायला बसला आणि गेलं."

"असं नको. काकांना म्हणावं, काल केलं तसंच्या तसं करून दाखवा."

दादाला असल्या कामाची भारी हौस. त्याने केस विंचरले, टॅबलेट सरळ केला, खुर्ची पुढे ओढली आणि हात वर करून भिंतीवरचा नवा दिवा लावला. खोलीत झगझगीत पांढरा उजेड पडला. मोडेमवरचा लाइनचा दिवा लुकलुकला आणि विझला.

तिघांनीही ते पाहिलं. इंटरनेटवाल्याने भिंतीवरचा दिवा बंद केला. थोड्या वेळाने मोडेम पुन्हा हिरवा झाला. दिवा लावला, पुन्हा गेलं.

"स्वस्तातला एलईडी आहे," तो हसत म्हणाला. "फोनची वायर याला चिकटूनच गेलीये. हा लाइनमध्ये गडबड करतोय."

संध्याकाळी हात नीट दिसत नाहीत, अशी भिंगरीची कुरकुर होती, म्हणून दादाने मागच्याच आठवड्यात तो दिवा विकत आणला होता. आता तो माझ्याकडे वळला. "मी तुला रोज सांगत होतो. बोलायच्या आधी हात दिसावेत म्हणून दिवा लावला आणि गेलं. दिवा कुठे गाळलास?" आता दिव्याचं काय सांगायचं, म्हणून मी तेवढंच वगळत होते. इंटरनेटवाल्यासमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पण उजेडाचं काय?" मी विषय बदलला. साधा जुना बल्ब चालेल, असं तो म्हणाला. दादाकडे बेलच्या जागी असा एक बल्ब आहे. बाहेरून बटण दाबलं की आत लागतो. तोच काढून दादाने नव्या दिव्याच्या जागी लावला. मोडेम हिरवाच राहिला. माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी भिंगरी पडद्यावर आली. डोळे सुजलेले. दादाने बोलायला हात उचलायच्या आत तिचे हात भराभर चालले. "बाबा, राहू द्या. कंपनीला 'नाही' असं मी लिहून ठेवलंय. आता भांडू नका." आणि तिने डोळे मिटून घेतले.

आमच्या घरात डोळे मिटणं म्हणजे ऐकणं बंद. दादाचे हात हवेत तसेच राहिले. इंटरनेट होतं, उजेड होता, आणि त्याला तिच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. त्याने माझ्या दंडाला धरून मला पडद्यासमोर ओढलं. "हाक मार. फक्त हाक."

मला रडू येत होतं. "भिंगरे!" मी ओरडले आणि बाजूला झाले.

तिने डोळे उघडले. बल्बच्या पिवळ्या उजेडात दादाचे हात सावकाश चालू लागले, एकेक शब्द तिला नीट दिसेल असे. "जा. मी रागावलेलो नाही. आणि तिथे खोली घेताना भाडं नंतर विचार, आधी बघ संध्याकाळी तुझ्या तोंडावर उजेड पडतो का."