तात्यांच्या छातीतलं पाणी

आमच्या तात्यांनी निम्म्या कळंबला पोहायला शिकवलं ते शिव्या देऊन. पाठीला डबा बांधायचे, विहिरीत ढकलायचे आणि मागोमाग उडी टाकून सुरू व्हायचे. "हात मार मुडद्या, पानी काय खातंय व्हय तुला!" मीही तसाच शिकलो. शिव्या थांबल्या की आपल्याला पोहता यायला लागलं, असं समजायचं.

एका मे महिन्यात तात्यांचा पुण्याचा नवा जावई शिकायला उतरला. जावयाला शिवी कशी द्यायची? "हात मारा की जावईबापू," एवढंच तात्या म्हणत राहिले. जावई काही हात मारेना. शेवटी तोंडाशी आलेली शिवी तात्यांनी गिळली आणि तिच्याबरोबर विहीरही गिळली. चौघांनी तात्यांना बाहेर ओढून पालथं घातलं, पाठ बडवली. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही दिसत नाही, खोकला राहिला तर छातीचा फोटो काढू.

तात्यांना हे पटलं नाही. "आत गेल्यालं समद्यांनी पायलं. भाईर आल्यालं कुनी पायलंय का?"

मी तेव्हा नारायणगावच्या मार्केटात टोमॅटोच्या काट्यावर होतो. दर सोमवारी तात्या टोमॅटो घेऊन यायचे, क्रेट उतरवून झाले की स्वतः काट्यावर चढायचे. पाणी निघालं तर वजन उतरणारच, असा त्यांचा हिशेब. आधी बहात्तर किलो भरले. मग सत्तर, मग सदुसष्ट. "निघतंय राव," ते हळूच म्हणायचे. खोकला होताच, पण तो तर पाणी काढायच्या कामावर होता. फोटोसाठी जावयानं तीनदा गाडी आणली, तात्यांनी तिन्हीदा परत धाडली. "काम चालू हाय, मधी कडमडू नका." एकसष्ट भरले त्या दिवशी त्यांनी अख्ख्या गाळ्याला पेढे वाटले.

दिवाळीनंतर जावयानं त्यांना उचलूनच पुण्याला नेलं. फोटोत पाण्याचा थेंब नव्हता. दुसरंच होतं, जुनं, विहिरीशी संबंध नसलेलं, आणि आता उशीर झाला होता. मी भेटायला गेलो तेव्हा तात्या खाटेवरून हसले. "पानी समदं निघालं व्हतं बग. तुजा काटा लई खरा."

महिन्याभरात तात्या गेले. माणूस जातोच, पण मला अजून स्वतःची लाज वाटते. दर सोमवारी तो आकडा मीच वाचायचो, आणि कमी भरला की सगळ्या मार्केटला ऐकू जाईल असं ओरडायचो, "वा तात्या, वा!"